सुकलालच्या बरगडीवरची खूण

हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या बाईला तर नाहीच. कितीदा तरी सांगायचं म्हणून बसतो आणि मग इंदूबाईंचं कौतुकच करत सुटतो. कौतुक करणं सोपं असतं हो. दुसऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं की करणाराही बरा दिसायला लागतो. आजही तसंच होईल बहुतेक. मी फार वेळ त्यांच्याबद्दलच बोलत राहिलो तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी डॉक्टर. ठाण्यात वाढलो, मुंबईत शिकलो आणि नव्वदच्या आसपास सिल्वासाला एका खाजगी इस्पितळात नोकरीला लागलो. वीसेक खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक एक्स-रे मशीन आणि एक अँब्युलन्स, तिचं मागचं दार दोरीनं बांधावं लागे. मालक आणि सर्जन एकच, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. तेव्हा गलोंडा, नरोली, सामरवरणी, जिकडं बघाल तिकडं कारखान्यांच्या शेड उठत होत्या. शेड आली की उंचावरून पडणं आलं, पट्ट्यात हात सापडणं आलं, ट्रकची धडक आली. माणसं धुळे-जळगावकडून आलेली, नरोलीत एकेका खोलीत सात-आठ जण राहणारी. त्यांना काही झालं की कंपनीच्या टेम्पोत घालून आमच्याकडं आणत.

आणि मग तो प्रश्न यायचा. आमच्याकडं सीटी स्कॅन कुठलं! मशीन सुरतेला, तीन तासांवर. समोर माणूस पडलाय, डोक्याला लागलंय, हात मोडलाय, अंगभर धूळ आणि रक्त. त्याला सुरतेला पाठवायचा की नाही? पाठवायचा तर नुसतं डोकं स्कॅन करायचं, की डोक्यापासून मांड्यांपर्यंत सगळा माणूस? आज तुम्हाला वाटेल, त्यात काय, सगळाच करून टाकायचा. अहो, तेव्हाचं मशीन म्हणजे बैलगाडी. डोकं लवकर उरकायचं, पण अख्खं शरीर म्हटलं की तास तास जायचा, आणि तेवढा वेळ पेशंट मशीनच्या त्या गोल कड्यात एकटा. आत रक्त वाहत असेल तर तिथंच संपायचा. ज्याचं प्रेशर आधीच उतरलंय त्याला तीन तास रस्त्यावर घालणं म्हणजे मारणंच — त्याचं पोट इथंच उघडायला हवं. ज्याला खरंच काही नाही त्याला उगाच किरणांत भाजून काढण्यात अर्थ नाही. आणि ह्या दोघांच्या मधला जो असतो, हसतो, बोलतो, पाणी मागतो आणि आतून फुटलेला असतो — त्याला ओळखायचा कसा? पुस्तकात तेव्हा ह्याचं धड उत्तर नव्हतं. निदान मी वाचलेल्या पुस्तकात नव्हतं. शिवाय सुरतेचे लोक चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करणार. डोकं लिहिलंत, डोकं करणार. पुढं विचारायची पद्धत नव्हती.

म्हणजे सगळं त्या चिठ्ठीवरच्या एका ओळीवर. आणि ती ओळ मी लिहायचो.

पण ठरवायच्या इंदूबाई. आमच्या मुख्य नर्स. केळव्याकडच्या, पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला. तरुणपणी मुंबईला गिरणगावातल्या एका इस्पितळात होत्या आणि तिथं मशीनमध्ये सापडलेली इतकी माणसं पाहिलेली की लागलेल्या माणसाला बघून त्यांचा आवाजसुद्धा चढत नसे. मी नवा होतो तेव्हा एकदा एका ट्रकवाल्याला वरून वरून तपासलं आणि छाती-पोट ठीक आहे म्हणालो. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, माणूस काय पोस्टकार्ड आहे का, एकाच बाजूनं वाचायला?" आणि दोघांना हाताशी घेऊन त्याला ओंडक्यासारखा सरळ कुशीवर वळवला. पाठीवर तळहाताएवढा काळानिळा डाग. मूत्रपिंडाला लागलं होतं. मी चरफडलो, पण शिकलो. तेव्हा शिकायचो अजून.

त्यांची तपासायची रीत बघत राहावी अशी होती. आधी कपडे कापायच्या — सगळे, लाज-बीज नंतर. मग हात धुऊन, घासून गरम करायच्या. गार हात लावला की पोट आपोआप आवळतं, मग खोटं बोलतं, म्हणायच्या. टाळूपासून सुरुवात. मान, हनुवटी, गळ्याची हाडं, एकेक बरगडी, पोटाचे चारी कोपरे, कंबर दोन्ही बाजूंनी दाबून, मांड्या, पावलं. हात चालू आणि तोंडानं गप्पा. किती उंचावरून पडलास रे? खाली काय होतं, माती की सिमेंट? आडवा पडलास की उभा? जेवलास कधी? पेशंटला वाटायचं म्हातारी बडबड करतेय. पण बाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत असायच्या. तोंड 'नाही दुखत' म्हणतंय आणि डोळ्याची पापणी हलली, की बाईंनी ते धरलंच.

आणि मग खूण. तोंड आलं की लावतात ना, ते जांभळं औषध — त्याची बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस बाईंच्या ट्रेमध्ये कायम. जिथं दुखतंय तिथं गोल. जिथं पेशंट नाही म्हणतोय पण बाईंच्या हाताला काही लागलंय, तिथं फुली. गोल म्हणजे एक्स-रे काढा. डोक्याला मार आणि शिवाय धडावर फुली, म्हणजे स्कॅन, आणि सगळ्या अंगाचं. हा त्यांचा नियम. लिहिलेला नव्हता कुठं. पण मोठे सर एका ऑपरेशनमधून दुसऱ्याकडं जाताना मध्येच कॅज्युअल्टीत डोकवायचे, चादर उचलायचे, खुणा बघायचे आणि दोन वाक्यांत निकाल द्यायचे. बाईंनी तपासलेल्या अंगावर खूण नाही म्हणजे तिथं काही नाही, इतका विश्वास. मी एकदा हिशेब मांडायचा म्हणून त्यांच्या फुल्या आणि सुरतेचे रिपोर्ट लावून पाहायला बसलो होतो, आणि थोड्याच वेळात वही मिटली. फुल्या इतक्या खऱ्या निघत होत्या की माझाच जीव खट्टू झाला.

तर आता तिथं यायला हवं. किती वेळ टाळणार?

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी अकराच्या सुमारास गलोंड्याच्या एका कंपनीचा टेम्पो आला. मागं सुकलाल. शिरपूरकडचा, तिशीचा, शेडचे पत्रे बदलताना सिमेंटच्या पत्र्यातून आरपार खाली गेलेला. वीसेक फूट, खाली फरशी. दोन मिनिटं शुद्ध नव्हती, एकदा उलटी झालेली, डावं मनगट मोडून वाकडं झालेलं. आता मात्र बसलेला, बोलणारा. "माले काही नही व्हयनं, साहेब. हात बांधी द्या नि घर जाऊ द्या," म्हणत होता. बरोबर कंपनीचा सुपरवायझर, वापीकडचा, पान खाणारा, आणि दोन कामगार.

मी हात बघत होतो. बाई वरपासून खाली आल्या. डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला त्यांचा हात थांबला. परत वर गेला, परत तिथंच आला. सुकलाल हसत होता. बाईंनी विचारलं, "खांदा दुखतो का?" तो म्हणाला, हो, डावा, थोडा. खांद्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बाईंनी काडी बुडवली आणि बरगडीखाली फुली काढली. चांगली रुपयाएवढी.

तुम्ही डॉक्टर असाल तर कळलंच असेल. नसाल तर सांगतो — प्लीहा फुटली, डाव्या बरगड्यांखाली असते ती, की रक्त वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं आणि दुखतो मात्र खांदा. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. मार्क मिळालेले होते मला त्याचे!

मी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "डॉक्टर, डोकं एकटं नको. सगळा करा. मोडलेल्या हाताच्या दुखण्यापुढं त्याला पोट कळत नाहीये." नेहमीसारखंच म्हणाल्या. पण त्या दिवशी तो सुपरवायझर शेजारी उभा होता. तो हसला आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाला, "साहेब, डॉक्टर कोण छे? तमे के बेन?" तुम्ही की ही बाई, असं. ते दोन कामगारही हसले. सुकलालही हसला, बिचारा.

एवढंच. खरंच एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात महिनाभर आधी सुरतेच्या डॉक्टरनं मला फोनवर सुनावलं होतं — तुमच्याकडून अख्खी माणसं येतात आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, तुम्ही तिथं तपासता की नुसते पाठवून देता? ज्याच्यावरून तो बोलला त्या पेशंटवरही बाईंची फुली होती. म्हणजे बाईही चुकतात, नाही का? असं मी स्वतःला सांगितलं. मी चिठ्ठीवर लिहिलं — डोकं. खाली सही ठोकली. बाईंनी चिठ्ठी बघितली, माझ्याकडं बघितलं. "मोठे सर येतीलच आता, त्यांना दाखवू," म्हणाल्या आणि सलाईन, ब्लँकेट घ्यायला आत गेल्या. सुपरवायझर फोन करायला बाहेर गेला, कामगार टेम्पोकडं गेले.

राहिलो मी आणि सुकलाल.

मोठे सर आले असते, फुली बघितली असती आणि माझी चिठ्ठी फाडली असती. त्या सुपरवायझरसमोर. हेच डोक्यात होतं. सुकलालचं पोट नव्हतं डोक्यात — तुम्हाला वाटेल मला खात्री असावी की त्याला काही झालेलं नाही. नव्हती हो. खात्री-बित्री काही नव्हती. मी विचारच केला नाही. मी ट्रेमधला कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि ती फुली पुसली.

पुसली. घासून पुसली. ओली होती, पटकन निघाली. त्याचा सावळा रंग, मागं उरलं ते धड दिसतही नव्हतं. तो मान वर करून बघत होता. म्हणाला, "काय पुसी ऱ्हायनात, साहेब?"

मी म्हणालो, "काही नाही रे. घाण लागलीये."

पाचेक मिनिटांत मोठे सर आले. चादर उचलली. सगळ्या अंगावरून नजर फिरवली, पोटावर एकदा हात ठेवला. "बाईंनी तपासलंय ना?" मी म्हणालो, हो. "मग ठीक आहे. पोटाला काही नाही. डोकं करून आणा," म्हणाले आणि परत थिएटरमध्ये गेले. त्यांचा पेशंट टेबलावर झोपवलेला होता. बाई ब्लँकेट घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, सरांनी बघितलं, डोकंच करायचंय. हे खोटं नव्हतं. किती सोयीचं असतं ना, असं खोटं न बोलणं!

सरांनी फुली बघूनही नको म्हटलं, असंच बाईंना वाटलं असणार. "मी जाते बरोबर," म्हणाल्या. त्यांची पाळी तासाभरात संपणार होती. जायची काही गरज नव्हती. त्या अँब्युलन्समध्ये चढल्या, दार दोरीनं बांधलं आणि गेल्या.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाटेत बाईंनी सुकलालची नाडी बघत बघत चादर वर केली आणि फुली जागेवर नाही. जागेवर स्पिरिटचा वास. त्यांनी सुकलालला विचारलं, त्यानं सांगितलं — साहेबांनी घाण पुसली. बाईंनी काय केलं असेल? आरडाओरडा? गाडी परत फिरवली? काही नाही. वलसाडपर्यंत नाडी ठीक होती, पुढं वाढायला लागली. सुरतेला पोचल्यावर त्यांनी माझ्या चिठ्ठीवर, 'डोकं'च्या पुढं, स्वतःच्या हातानं लिहिलं — मान, छाती, पोट, कंबर. माझ्या सहीच्या वर.

डॉक्टरच्या हुकुमात नर्सनं अक्षर वाढवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. नोकरी तर जातेच. पुन्हा कुठं उभं करत नाहीत. इंदूबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेला भाऊ होता आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. हे सगळं माहीत असलेली बाई तिथं पेन उघडून उभी राहिली. तीन तास नाडी मोजत बसलेली, एकदाही डुलकी न घेता. ज्या माणसाचं नाव सकाळपर्यंत तिला माहीतही नव्हतं, त्याच्यासाठी. मी विचार करतो, मी केलं असतं? मी तर एका पान खाणाऱ्या माणसाच्या हसण्यापुढंही टिकलो नव्हतो.

डोकं स्वच्छ निघालं. प्लीहा फुटलेली. पोटात रक्त साठलेलं. तिथल्या सर्जननं त्याला कड्यातून सरळ टेबलावर घेतला. नुसतं डोकं करून परत फिरले असते तर वाटेतच कुठंतरी, बिलिमोऱ्याच्या आसपास, सुकलाल गेला असता. तो जगला. शिरपूरला गेला, काही महिन्यांनी परत कामावरही आला. एकदा येऊन माझ्या पाया पडला. हो — माझ्या.

कारण असं झालं. संध्याकाळीच सुरतेच्या त्या डॉक्टरचा मोठ्या सरांना फोन आला. ज्यानं सगळ्या अंगाचं लिहिलं त्याला माझा नमस्कार सांगा, म्हणाला. चिठ्ठीवर सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला सगळे होतो. मी, दोन नर्स, कंपाउंडर, आणि रात्री परत आलेल्या इंदूबाई, डोळे सुजलेल्या. राउंडच्या जरा आधी त्यांनी माझ्या टेबलावर त्या चिठ्ठीची सुरतेहून आणलेली झेरॉक्स ठेवली होती. मी ती वाचली, त्यांचं अक्षर ओळखलं. त्या एवढंच म्हणाल्या, "स्पिरिटचा वास वापीपर्यंत येत होता, डॉक्टर." मग, "पुढच्या वेळी तुम्हीच लिहा सगळं. मला पेन उघडायला लावू नका." रागावून नाही. दमून म्हणाल्या.

आणि मोठे सर आले, माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मी नको म्हटलं आणि तरी तुम्ही लिहिलंत. असा डॉक्टर पाहिजे." सगळे बघत होते. मग सर वळले. "इंदूबाई, काल तुमचा हात कसा काय चुकला? प्लीहा फुटलीये आणि अंगावर एक खूण नाही?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'खूण होती सर, मी पुसली.' सहा शब्दसुद्धा होत नाहीत. तोंड उघडलंही असेल कदाचित — नाही, उगाच स्वतःला सूट देतोय. उघडलं नाही. मी मूग गिळून उभा राहिलो आणि बाईंकडं बघत राहिलो, की ह्या काय करतात.

बाई काय करणार होत्या? खूण केली होती म्हणाव्या, तर मग गेली कुठं? आणि डॉक्टरांनी पुसली म्हणावं, तर चिठ्ठीवर पुढचं लिहिलं कुणी? ते निघालं की त्यांची नोकरी गेली. मी त्यांना असं कोंडीत धरलेलं होतं, आणि दार उघडण्याची किल्ली फक्त माझ्याकडं होती. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. जास्त वेळ नाही. पेशंटकडं बघायच्या तसंच बघितलं — तोंड काय म्हणतंय आणि पापणी काय म्हणतेय.

"चुकला असेल, सर," म्हणाल्या.

सर वाईट माणूस नव्हते. पण शिस्तीचे होते. त्या दिवसापासून त्यांनी खुणा बंद केल्या. अंगावरच्या खुणेवर विसंबून मी एका माणसाला मारत होतो, म्हणाले, यापुढं डॉक्टर ठरवतील. ती जांभळ्या औषधाची बाटली ट्रेमधून उचलून मुलांच्या वॉर्डच्या कपाटात गेली. बाईंनी स्वतःच नेऊन ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी मग अंग काढून घेतलं असेल. मलाही तेच वाटलं होतं. खरं सांगू? मला तेच हवं होतं, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत माझं तोंड मला रोज बघावं लागलं नसतं. पण दुसऱ्याच आठवड्यात नरोलीहून एक बाई आणली, ट्रकनं उडवलेली. इंदूबाईंनी नेहमीसारखे हात धुतले, घासून गरम केले आणि टाळूपासून सुरुवात केली. काडी नाही, औषध नाही. संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कंबर. उजवीकडून हलतेय. सगळा करा." आणि मी लिहिलं. त्यानंतर प्रत्येक वेळी. माझा एवढा नीचपणा पोटात घालून ती बाई माझ्या कानाशी येऊन मला उत्तर सांगायची आणि मी ते माझ्या अक्षरात लिहायचो. का सांगायच्या? माझ्यासाठी नाहीच. टेबलावरच्या माणसासाठी. त्यांचा हिशेब एवढाच सरळ होता. मी रागावण्याइतकाही त्यांना महत्त्वाचा वाटलो नसेन कदाचित.

मी शिकलो मात्र त्यांच्याकडून. किती उंची म्हणजे सगळा करायचा. गाडी उलटली आणि त्यातला एक मेला असेल तर वाचलेल्यांना हसताना बघून फसायचं नाही. एक मोठं दुखणं बाकीची दुखणी झाकतं. ज्याचं प्रेशर टिकत नाही त्याला मशीनकडं नाही, टेबलाकडं न्यायचं. ज्याला दर अर्ध्या तासानं तीनदा तपासून काही सापडत नाही आणि जो घड्याळ बघून भूक लागली म्हणतो, त्याला राहू द्यायचा. ह्यातलं एक अक्षर माझं नाही. पण कंपन्यांच्या मीटिंगमध्ये, वापीच्या डॉक्टरांसमोर, नवीन मुलं शिकायला आली की त्यांच्यासमोर मी हे सांगायचो, खडूनं फळ्यावर माणूस काढून. लोक त्याला माझा नियम म्हणायला लागले. माझं नाव झालं. 'सिल्वासाला पडलात तर त्या डॉक्टरकडं न्या,' असं म्हणायचे. मी 'छे, छे' म्हणायचो. विनय चांगला जमायचा मला.

सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. पन्नासदा आले. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण माझ्या ताटात घातलं. मी म्हणालो, बाई, त्या सुकलालच्या वेळचं... त्या म्हणाल्या, "आंबट जास्त झालंय का?" आणि मी म्हणालो, नाही, छान झालंय. बस्स. त्यांनी मला वाट करून दिली आणि मी तिच्यातून पळालो. की त्यांनाच तो विषय नको होता? कसं सांगणार. त्या गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी केळव्याला गेलो नाही. माणूस पाठवून हार पाठवला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्याही आधीचं. फुली पुसली ती एका मिनिटात, रागात. राउंडला गप्प बसलो ते भीतीनं. त्याला नावं तरी आहेत. हे जे शेवटचं आहे त्याला माझ्याकडं नाव नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा बाई निवृत्त झाल्या. इस्पितळाच्याच बाहेरच्या खोलीत निरोप समारंभ केला. बाकं सरकवून खुर्च्या मांडल्या, समोसे, पेढे, शाल-नारळ. कंपन्यांची माणसं आली, जुने पेशंट आले, एक म्हातारी सामरवरणीहून चालत आली बाईंना बघायला. बाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. भाऊ त्याच वर्षी गेला होता, घरी कुणी नव्हतं उरलेलं, तरी हसत होत्या. आता त्यांची नोकरी जायची नव्हती. त्यांच्यावर कुणाचं काही चालणार नव्हतं. मी बोललो असतो तर त्यांना कसलाच धोका नव्हता — होता तो फक्त मला, आणि मलाही किती? थोडी लाज. पन्नास माणसांसमोर थोडी लाज.

मोठे सर बोलायला उठले. फार चांगलं बोलले. बाईंचे हात, बाईंची शिस्त, त्यांचं ते पोस्टकार्ड — सगळ्यांना हसवलं, दोघी नर्सना रडवलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं ह्या बाईचा हात मी बघतोय. फक्त एकदा चुकला. त्या पत्र्यावरून पडलेल्या माणसाच्या वेळी. तेवढ्यापुरत्या माणूस निघाल्या, नाहीतर मला शंकाच यायला लागली होती!" लोक हसले. प्रेमानं हसले. बाईही हसल्या, पदर सावरत. आणि सरांनी माझ्याकडं हात केला. "आणि त्या दिवशी त्यांची चूक ज्यांनी सांभाळून घेतली, ते हे आमचे डॉक्टर. उठा हो, लाजताय काय!"

टाळ्या पडल्या. मी उठलो. हात जोडले, डावीकडं वाकलो, उजवीकडं वाकलो. पहिल्या खुर्चीवर, मांडीवरचा नारळ एका हातानं धरून, इंदूबाई दुसऱ्या हातानं खुर्चीच्या दांडीवर टाळी वाजवत होत्या. मी त्यांच्याकडं बघूनही हात जोडले, आणि खाली बसलो.